दिवसाचा डोळा धरला तेव्हा

उखळाचा पहिला ठोका पाइनेमचा, यावर जावातल्या सेंदांगवारू वाडीत कोणी कधी वाद घातला नव्हता. सासूनंतर तो मान तिच्याकडे आला होता, आणि तिच्यानंतर कोणाकडे जाणार हे तिच्या तोंडावर विचारायची कोणाची छाती नव्हती. उखळ फणसाच्या अखंड खोडाचं, होडीसारखं लांबलचक. एके काळी वाडीतल्या बायका त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहून भात कांडायच्या. मग हमरस्त्यावर गिरणी आली आणि उखळ मागच्या वळचणीला जाऊन पडलं. कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या. तरी कुणाचं लग्न निघालं किंवा ग्रहण लागलं, की पाइनेम कोंबड्यांना शिव्या घालत उठवायची, उखळ धुऊन अंगणात ओढायला लावायची, आणि बायका मुसळं घेऊन हजर व्हायच्या. ग्रहणात तर विचारूच नका. चंद्राला धरणाऱ्याचे कान किटले पाहिजेत, त्याची मूठ सैल झाली पाहिजे, तोवर हात थांबवायचा नाही. पाइनेमच्या हयातीत एकही चंद्र परत आल्यावाचून राहिला नव्हता, आणि त्याचं श्रेय घ्यायला ती मुळीच लाजत नव्हती.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर बातमी आली, की या खेपेला सूर्य धरला जाणार. तोही भर दिवसा, आणि तोही पुरता.

"चंद्राचं काय, कितीदा केलं," ती शेजारणींना म्हणाली. "सूर्य पहिल्यांदाच येतोय माझ्या वाट्याला. मुसळं उन्हात घाला, ओल धरली असेल."

पण तिचा अर्धा जीव सूर्यात आणि अर्धा सुनेत होता. सून वुर्यानी सहा महिन्यांची पोटुशी होती. मागच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर वर्षभर त्या घरात कोणी लहान मुलाचा विषय काढला नव्हता. आता पोट चांगलं दिसायला लागलं तशी पाइनेमची जीभ आणखी तिखट झाली. काळजी वाटली की तिची जीभ अशीच चालायची. सुनेला ती न्दुक म्हणायची, म्हणजे पोरी.

"न्दुक, ती बादली ठेव खाली. बादलीला गरज असेल तर ती येईल चालत."

"न्दुक, दारात उभी राहू नकोस. आत हो नाहीतर बाहेर हो. पोराला तरी कळू दे कुठे निघालोय ते."

वुर्यानी हसायची आणि ऐकायची. शहरातल्या शिंप्याची पोर, बोलायला कमी. तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या शिवणावरून ओळखावं लागे. टाके बारीक आणि सरळ असले की सगळं ठीक. गेले काही दिवस ती घातलेली शिवण उसवत होती आणि पुन्हा घालत होती. पाइनेमने ते पाहिलं होतं, पण दुपटं नीट बसत नसेल म्हणून सोडून दिलं.

मुलगा गियार्तो शाळेत भाषा शिकवायचा. मास्तरांनी ग्रहणाबद्दल लोकांना सोप्या शब्दांत समजावून सांगावं असा वरून हुकूम होता. एके दिवशी दिवेलागणीला तो चटईवर उभा राहून घरच्यांवरच तालीम करू लागला. समोर उकडलेला कसाव्याचा कंद आणि मोगऱ्याच्या वासाचा गोड चहा. ऐकायला दोघीच.

"गेरहाना माताहारी तोताल," त्याने खणखणीत सुरुवात केली.

"हे काय? खोकल्याचं औषध?" पाइनेमने विचारलं.

"सूर्याचं ग्रहण, सिम्बोक," तो आईला म्हणाला. "सरकारी भाषेत."

"मग सरळ ग्रहना म्हण की. गे-र-हा-ना! दाताखाली खडा आल्यासारखं."

गियार्तो हसला. "खरं सांगू? तुमचाच शब्द थोरला आहे. आणि तो आपला नाहीच मुळी. हजार वर्षांच्याही आधी हिंदू मुलखातून गलबतांवर बसून आला. व्यापाऱ्यांबरोबर, साधूंबरोबर. आपण जावातल्यांनी तो जवळजवळ आला तसाच ठेवला, ग्रहना. मलय बोलणाऱ्यांना सुरुवातीचे दोन आवाज एका दमात म्हणवेनात. त्यांनी मध्ये जरा श्वास घेतला, त्याचा झाला गेरहाना. तोच पुढे शाळेत गेला, पुस्तकात गेला, विज्ञानाचा शब्द झाला."

"म्हणजे मी बरोबर."

"तुमचा शब्द थोरला, एवढंच म्हणतोय मी."

"मीही थोरलीच आहे. पुढे बोल."

पण त्याला पुढे बोलू देईल ती पाइनेम कसली! "थांब. शब्द गलबतातून आला म्हणतोस. मग त्याच्या आधी आपल्या सूर्याला कोणी हात लावत नव्हतं का? की धरणारासुद्धा त्याच गलबतात बसून आला?"

"राहूची गोष्ट त्या शब्दाबरोबरच आली, हे मात्र खरं."

"बघ! पाहुणा आला तो आपलं भांडण घेऊनच आला. आणि ते शेवटचं काय म्हणालास? तोताल?"

"पुरतं, सगळंच्या सगळं. तो शब्द डचांचा."

"डच गेले तेव्हा न्यायचा विसरले वाटतं. आणि मशिदीत बांग देणारे मोदिन म्हणतात ते? कुसूफ?"

"ते अरबांचं."

"अगं बाई, एका सूर्यावर किती जणांचा हक्क!" पाइनेमने कसाव्याचा तुकडा गुळाला लावला. "आपलं काही आहे की नाही त्यात?"

"माताहारी आपलं आहे, सिम्बोक," वुर्यानी हळूच म्हणाली. "दिवसाचा डोळा."

"तेवढं तरी उरलं म्हणायचं."

वुर्यानी हातातला कप फिरवत राहिली. मग तिने नवऱ्याला विचारलं, "पण ग्रहना म्हणजे त्या मुलखात नेमकं काय? गिळणं?"

"नाही. धरणं. हातात घट्ट धरणं." गियार्तोने टोपलीतलं लिंबू उचलून मुठीत आवळलं. "असं. पण आता आपल्याला माहीत आहे, की धरणारा कोणी नसतो. हा कंदील सूर्य. हे लिंबू चंद्र. हा नारळ पृथ्वी. लिंबू कंदिलाच्या आड आलं की नारळावर..."

"लिंबू दाबू नकोस. उद्याच्या माशाला ठेवलंय ते."

"...नारळावर सावली पडते. बस, एवढंच."

पाइनेमने नारळावरची सावली बघितली. तिला ती काही फार भारी वाटली नाही. "हे लहान मुलांना सांग. तुझा हिंदू मुलूख शहाणा, तो माझ्यासारखंच सांगतोय. घट्ट धरणं. आता धरलेलं सोडवायचं असेल तर काय करशील? धरणाऱ्याला हादरवशील ना? म्हणून तर उखळ."

"आवाजाने मूठ सुटते, सिम्बोक?" वुर्यानीने विचारलं. "कसलीही?"

"कसलीही," पाइनेम ऐटीत म्हणाली. "माझ्या उखळापुढे आजवर कोणाची मूठ टिकलेली नाही."

वुर्यानी कप घेऊन आत गेली. चहा तिने तोंडाला लावला नव्हता.

दोन-चार दिवसांनी वाडीचा कारभारी तार्जो आला. हा पाइनेमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणी तिच्या आवारातल्या चिकूच्या झाडावरून पडून हात मोडून घेतलेला. आता सरकारी टोपी घालून फिरायचा, पण थोरल्या मावशीला अजून बुदेच म्हणायचा. ओट्यावर बसून त्याने लवंगेची सिगारेट पेटवली आणि घसा खाकरला.

"बुदे, वरून हुकूम आलाय. ग्रहणाच्या दिवशी सगळ्यांनी घरात बसायचं. दारं-खिडक्या बंद. फटींना कागद चिकटवायचा. सूर्याकडे बघायचं नाही, डोळे जातात. गरोदर बायांनी तर मुळीच बाहेर यायचं नाही."

पाइनेम इतकी खूश झाली की तिने त्याला दुसरा चहा दिला. "ऐकलंस का रे मास्तरा?" तिने आत ओरडून मुलाला विचारलं. "जाकार्ताला आत्ता कळलं! मी इतकी वर्षं काय सांगत होते? पोटुशीने बाजेखाली झोपायचं, पोटाला चुलीतली राख लावायची, खिडकी बंद. बघ, आता रेडिओ तेच सांगतोय. मला विचारायला आले असते तर एवढी वर्षं फुकट गेली नसती त्यांची."

"राखेचं रेडिओने काही सांगितलं नाही, सिम्बोक," आतून गियार्तो म्हणाला.

"सांगतील. हळूहळू शिकतायत."

तार्जोने सिगारेटची राख ओट्याखाली झटकली. "बुदे, आणखी एक आहे. बाहेर जमायला बंदी आहे. म्हणजे... उखळसुद्धा नाही."

पाइनेमने त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"काय म्हणालास?"

"मी नाही म्हणालो, वरून आलंय. बायका अंगणात जमल्या, कोणाचा डोळा गेला, तर मला जबाब द्यावा लागेल. ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्या ओसरीवर टीव्हीत बघावं."

"टीव्हीत! सूर्याचा गळा धरलाय आणि तुम्ही टीव्हीत बघत बसणार? आणि सोडवणार कोण? तू? ऐक, तार्ज्या. तुझा हात मोडला तेव्हा बोंब कोणी मारली होती? मी बोंब मारली म्हणून वैद्य आला. गप्प बसले असते तर आज ही सिगारेट डाव्या हातात धरावी लागली असती तुला."

तार्जो टोपी सावरत उठला. जाता जाता एवढंच म्हणाला, "बुदे, माझी लाज राखा."

ती काय लाज राखणार होती! संध्याकाळपर्यंत सगळ्या उखळवाल्या बायकांकडे निरोप गेला. सकाळी मुसळं झावळ्यांत गुंडाळून, परसातल्या वाटेने एकेक करून यायचं. अंधार पडला की दार उघडायचं, मागच्या अंगणात ठोकायचं, उजेड आला की घरी. डोळे खाली ठेवायचे, म्हणजे रेडिओचाही मान राहिला आणि सूर्याचाही.

"आणि माझं नातवंड?" ती त्यांच्यातल्या सादियेमला म्हणाली. "त्याच्यासाठी तर दुप्पट जोरात मारायला हवं."

ग्रहणाचा दिवस शनिवारचा. गियार्तो सकाळीच तार्जोच्या ओसरीवर गेला. टीव्ही बघायला येणाऱ्यांना समजावून सांगायचं काम त्याच्याकडे होतं. जाताना त्याने खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या पट्ट्या कोंबल्या आणि बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सिम्बोकचं ऐक. राखेने काही बिघडत नाही."

पाइनेम मागच्या अंगणात उखळ धूत होती. काथ्याने आतला कोंबड्यांचा केर खरवडून काढत होती. तिचं मुसळ भिंतीला टेकवलेलं होतं. वुर्यानी दारात येऊन उभी राहिली.

"दारात उभी राहू नको म्हटलं ना. चुलीतली राख काढून ठेवलीये, बशीत आहे. लावून घे, मग मी येऊन बघते."

"सिम्बोक, आज नका ठोकू."

"तार्ज्याला घाबरतेस? अगं तो माझ्या डोळ्यांदेखत..."

"तार्जोंचं नाही म्हणत मी."

पाइनेमने मान वर केली. वुर्यानीने दोन्ही हात पोटाखाली घेतले होते, भरलेली टोपली सांडू नये म्हणून धरावी तसे.

"मागच्या वेळेला चंद्र धरला होता. आठवतं, सिम्बोक? पहाटे. तुम्ही इथेच ठोकत होतात, या भिंतीपलीकडे मी झोपले होते, बाजेखाली, तुम्ही सांगितलं होतं तशी. प्रत्येक ठोका जमिनीतून माझ्या पाठीत यायचा. पाठीतून पोटात. मला वाटायचं, आत काहीतरी सैल होतंय. आणि मग त्याच आठवड्यात..." तिने पोटाखालचे हात आणखी आवळले. "तुम्ही म्हणालात ना परवा, कसलीही मूठ सुटते. मी एवढं घट्ट धरलंय याला. सहा महिने. मला नाही सुटू द्यायचं."

उखळातलं पाणी कडेवरून सांडून पाइनेमच्या पायांवर आलं. ती तशीच बसून राहिली.

"म्हणजे माझ्या हाताने गेलं ते," ती म्हणाली. "असं म्हणतेस तू."

"नाही, सिम्बोक."

"असंच म्हणतेस. दीड वर्ष माझ्या ताटातलं जेवलीस आणि मनात हे ठेवलंस?"

वुर्यानी रडली नाही. रडली असती तर पाइनेमला सोपं गेलं असतं, रडणाऱ्या माणसाला कसं दटावायचं ते तिला ठाऊक होतं. पोर नुसती उभी राहिली, पोटाखालचे हात न काढता. "तुम्ही आमच्या भल्यासाठीच करता," ती म्हणाली. "म्हणून तर बोलता येत नव्हतं."

पाइनेम उठली. तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने एक झाकण आपटलं, मग दुसरं आपटलं, तिसरं उचललं आणि आपटता आपटता थांबली. भिंतीपलीकडून पोर ते आवाज ऐकत असणार. तिने झाकण अलगद खाली ठेवलं.

तिला आपली सासू आठवली नाही, राहू आठवला नाही, की गियार्तोचं लिंबू आठवलं नाही. ती पहाट आठवली. चंद्र सुटला तेव्हा बायका हसल्या होत्या, आणि तिने घामाघूम होऊन आत येऊन बाजेखाली डोकावून म्हटलं होतं, "बघ न्दुक, सोडवला!" आणि आत ही पोर पांढरीफटक, डोळे उघडे. तेव्हा वाटलं होतं, झोप झाली नसेल.

उखळाने गर्भ सैल होतो, असं तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. उखळ गर्भाला राखतं, असं ऐकलं होतं. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. त्यातल्या एकीनेही बाजेखाली पडलेल्या बाईला विचारलं नव्हतं, की तुला कसं वाटतं. पाइनेमनेही नव्हतं विचारलं. ठोकणारी ठोकत होती आणि पडलेली पडून होती.

परसातल्या वाटेवर पानं वाजली. बायका येऊ लागल्या. सादियेम सगळ्यांच्या पुढे, मुसळाला झावळ्यांचा झगा घालून.

पाइनेमने अंगणात जाऊन उखळाला हात घातला आणि एकटीने जोर लावून ते पालथं घातलं. धप्प आवाज झाला. बायका बघत राहिल्या.

"आज माझं उखळ वाजणार नाही," ती म्हणाली. "घरी जा."

"का?" सादियेमने विचारलं.

"वाजणार नाही म्हटलं ना."

सादियेमचा आणि तिचा जुना मामला. लग्न होऊन दोघी एकाच साली या वाडीत आलेल्या, आणि पहिल्या ठोक्याला सादियेम कायम दुसरी. तिने झावळ्या सोडल्या, मुसळ खांद्यावर घेतलं आणि हसली. "अगं बाई! तार्ज्याची टोपी बघून पाय लटपटले की काय पाइनेमचे? भाचा कारभारी झाला तर मावशी मांजर झाली?"

दोघी-तिघी हसल्या.

खरं कारण पाइनेमच्या जिभेच्या टोकावर होतं. सून घाबरली म्हणून थांबले, एवढं म्हटलं असतं तर तिचा मान शाबूत राहिला असता. पण संध्याकाळपर्यंत तेच वाडीभर झालं असतं. पाइनेमच्या उखळाने पोर गेलं, सून स्वतः म्हणाली. तसं झालं असतं तर या पोरीला विहिरीवर जायची सोय उरली नसती. तिने मागे बघितलं. वुर्यानी दारातून आत सरकली होती, पण तिचं बोट चौकटीवर दिसत होतं.

"हो," पाइनेम म्हणाली. "तार्ज्याला घाबरले. म्हातारी झाले मी. मला नाही जमायचं पोलिसांना तोंड द्यायला. झालं समाधान? आता निघा, उजेड जायला लागलाय."

सादियेमचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तिला असलं उत्तर अपेक्षित नव्हतं. ती बायकांना घेऊन निघाली, पण कुंपणापाशी वळून म्हणाली, "माझ्याकडे लहान उखळ आहे. सूर्य काही तुझी एकटीची जहागीर नाही."

ऊन विचित्र दिसायला लागलं होतं. पिवळं नाही, पांढरंही नाही, जुन्या पितळेवर राख घासल्यासारखं. चिंचेखालची सावली कातरल्यासारखी झाली. पाइनेमने दार लावलं, अडसर घातला आणि आत आली.

वुर्यानी बाजेखाली गेली होती. पोटावर राख लावलेली, झंपर वर सरकवलेलं. पाइनेम खाली वाकली, गुडघ्यांवर आली, आणि कण्हत, शिव्या देत स्वतःही आत घुसू लागली.

"सिम्बोक! तुम्ही कशाला?"

"सरक. तुझ्या सासऱ्याने ही बाज बांधली तेव्हा त्याच्या मनात एकच बारीक बाई होती वाटतं. सरक अजून. पाय घे तिकडे."

दोघी आडव्या झाल्या. वर बांबूच्या पट्ट्या, नाकाला टेकतील अशा. कुठूनतरी मशिदीतल्या मोदिनांचा आवाज येत होता. कोंबड्या कुरकुरत वळचणीला आल्या. खिडकीच्या कागदातून येणारा उजेड विझत गेला आणि भर दिवसा रातकिडे ओरडू लागले.

"त्या काय म्हणाल्या तुम्हाला, ते मी ऐकलं," अंधारात वुर्यानी म्हणाली.

"कान तिखट आहेत तुझे. पोराला दे. बापाकडून नुसती बडबड मिळायचीये त्याला."

"मी खूप वाईट बोलले का?"

"वाईट बोललीस. उशिरा बोललीस, ते जास्त वाईट." पाइनेमने अंधारात चाचपून तिचा हात शोधला. थंडगार होता. "तुझं पोर माझ्या हाताने गेलं की नाही, मला ठाऊक नाही, न्दुक. मला वाटत नाही. पण तुला भीती वाटली आणि मी पलीकडे ठोकत राहिले, एवढं मात्र खरं आहे. ते माझ्याकडून झालं."

वुर्यानीने सासूची बोटं घट्ट धरली. मग म्हणाली, "सकाळपासून हललं नाहीये, सिम्बोक."

पाइनेमने राखेने माखलेल्या पोटावर तळवा ठेवला. पोट घट्ट, गरम आणि गप्प. तिने दुसरीकडे ठेवला. गप्पच. सगळं जग काळं झालं होतं. त्या काळोखात पाइनेमला पहिल्यांदाच कळलं, की हे एवढं मोठं गप्प असतं. आजवर तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. ती नेहमी ठोकत असायची.

आणि मग सादियेमच्या घराकडून आवाज आला. टक. टक-टुक. धड धड. लहान उखळाचा पोकळ आवाज, त्यात कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं.

वुर्यानीचं अंग आखडलं. तिने पाय जवळ घेतले.

"थांब, मी जाते," पाइनेम म्हणाली. "त्या भवानीच्या हातातलं मुसळ हिसकावून घेते. डोळे गेले तरी चालतील."

"नका जाऊ!" वुर्यानीने तिचं मनगट धरलं. "मला एकटीला नका सोडू."

पाइनेम बाहेर काढलेलं अर्धं अंग घेऊन तशीच थांबली. मग मागे आली. तिने कुशीवर वळून एक हात पोरीच्या कानावर ठेवला, दुसरा कान आपल्या दंडावर घेतला, आणि तिला जवळ ओढून घेतलं. पोट दोघींच्या मध्ये आलं.

धड धड. टक-टुक. धड.

आणि पाइनेमच्या बरगडीखाली कोणीतरी लाथ मारली.

दोघींचे हात एकदमच पोटावर गेले.

पुन्हा बसली. चांगली जोरात, टाचेची. मग दुसरी.

"सिम्बोक," वुर्यानी कुजबुजली. "लागलं तुम्हाला?"

"लागलं म्हणजे! बरगडी मोडली माझी." पाइनेमने बरगडी चोळली. "हे सुटतंय होय? हे सुटायच्या बेतात आहे? हा तर आतून दार ठोठावतोय!"

वुर्यानीने सासूचा हात कानावरून काढला. सादियेमचं उखळ आता चांगलं ऐकू येत होतं. तिने भीत भीत ऐकलं. पोट उसळलं. ठोका पडला, पोट पुन्हा उसळलं. तिच्या घशातून एक आवाज निघाला. पाइनेमला आधी वाटलं पोर रडतेय, पण ती हसत होती, अंग हलवून, तोंडावर राखेचा हात दाबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं.

"त्याला आवडतंय, सिम्बोक."

"काय आवडायचंय त्यात? ऐक जरा. तिसरा ठोका कुठेय? खाल्ला तिने तिसरा ठोका! पोर बरोबर मारतंय, सादियेमच चुकतेय."

"मग तुम्ही जा," वुर्यानी म्हणाली. "खरंच जा, सिम्बोक. उखळ सुलटं करा. मला नाही आता भीती वाटत."

पाइनेमने विचार केला. अंगणात जावं, पालथं उखळ एका धक्क्यात उलथवावं, आणि सादियेमला आणि तिच्या डब्याला वाडीच्या वेशीपर्यंत गप्प करावं. हात शिवशिवले.

"नको," ती म्हणाली. "इथे जागा झालीये आता. पुन्हा कोण एवढं वाकणार?"

तिने हात वर नेला आणि नाकासमोरच्या बांबूच्या पट्टीवर बोटाच्या पेराने हळूच वाजवलं. टक. टक-टुक. टक. तिसरा ठोका न खाता, जसा असायला हवा तसा. पोट थांबलं, जणू ऐकत असावं. मग आतून उत्तर आलं. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा उत्तर आलं.

बाहेर कोंबडा आरवला. दुसऱ्या वाडीतला आरवला. खिडकीच्या कागदामागे पिवळी रेघ उमटली, ती जमिनीवरून सरकत बाजेच्या पायापर्यंत आली, आणि दोघींपैकी कोणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. सादियेमचं उखळ थांबलं. माणसांचे आवाज, दारांचे अडसर, कोणाचं तरी हसणं.

मग गियार्तो धावत आला. पुढच्या दाराला धक्के मारू लागला.

"सिम्बोक! वुर्यानी! दार उघडा! सुटला! बाहेर या, ऊन बघा कसं पडलंय!"

"ओरडू नकोस रे," बाजेखालून पाइनेमचा आवाज आला. "जरा थांब. आम्ही बोलतोय."